उशिरात उशिरा किती उशीर?

पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुला मागे पडला की वरवंड, आणि वरवंड मागे पडले की पाटस. उसाचा हंगाम सुरू झाला की या पट्ट्यातल्या कडेच्या गॅरेजांना उसंत नसते. एखादा बीएस-६ मालट्रक येऊन उभा राहतो. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला, आणि चढ आला की गाडी ओढत नाही. ड्रायव्हरच्या भाषेत, पिकअप मेला. मिस्त्री स्कॅनर लावतो आणि पडद्यावर उमटते: एसपीएन ३२२६, एफएमआय ९.

यातला पहिला आकडा तक्रार कोणाची ते सांगतो. ३२२६ म्हणजे धूर बाहेर पडण्याच्या तोंडाशी बसवलेला, नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा सेन्सर. दुसरा आकडा तक्रार काय आहे ते सांगतो. घाईत पहिलाच वाचला जातो, महागडा सेन्सर बदलला जातो, ट्रक इंदापूरपर्यंत ठीक चालतो आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. कारण सेन्सर खोटे बोलतो आहे, असे कोणी म्हणालेलेच नव्हते. एफएमआय ३ असता तर व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर गेले, ४ असता तर खाली गेले, २ असता तर आकडे विसंगत, असे म्हणता आले असते. ९ चा अर्थ वेगळा आहे: निरोप ठरलेल्या ठेक्याने येत नाही. या सेन्सरचा निरोप साधारण दर ५० मिलिसेकंदांनी इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे यायला हवा. तो कधी येतो, कधी येत नाही. त्यातला मजकूर कदाचित बिनचूकही असेल. तक्रार वेळेची आहे.

गाडीच्या आतल्या संदेशवहनाबद्दल लिहिताना लोक वेगाच्या आकड्यांत रमतात. सेकंदाला इतके लाख बिट, आता इतके कोटी बिट. मला तो वेग दुय्यम वाटतो. ब्रेकच्या बाबतीत विचारायचा प्रश्न एकच: सगळे वाईट योग एकाच क्षणी जुळून आले, तर हा निरोप उशिरात उशिरा केव्हा पोचेल? ताशी ८० किलोमीटरने चाललेली गाडी १० मिलिसेकंदांत २२ सेंटिमीटर पुढे जाते, १०० मिलिसेकंदांत सव्वादोन मीटर. सरासरीने निरोप लवकर पोचतो, हे समाधान त्या सव्वादोन मीटरांत उभ्या असलेल्या माणसाच्या काही कामाचे नाही.

जुन्या टाटा १२१० ला हा प्रश्न कधी पडला नाही. पाय पेडलवर, पेडलला जोडलेला दांडा, दांड्याच्या टोकाला डिझेल पंप. आजच्या ट्रकमध्ये ॲक्सिलरेटरचे पेडल हा नुसता एक सेन्सर आहे. इंजिनाला किती ओढायचे, गिअर केव्हा बदलायचा, एबीएसने कोणते चाक सोडायचे, धुरावर युरियाचा फवारा किती मारायचा हे वेगवेगळे कॉम्प्युटर ठरवतात, आणि त्यांना एकमेकांचे आकडे सतत लागतात. प्रत्येकाने प्रत्येकापर्यंत स्वतंत्र वायर नेली असती तर वायरिंगची मोळी मनगटापेक्षा जाड झाली असती आणि तांब्याचा खर्च सोसला नसता. बॉश कंपनीतल्या उवे किएंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या अडचणीवर काम सुरू केले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या वाहन अभियंत्यांच्या परिषदेत उपाय मांडला: कंट्रोलर एरिया नेटवर्क, म्हणजेच कॅन. पुढच्याच वर्षी इंटेल आणि फिलिप्सच्या चिप बाजारात आल्या, आणि १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ हे मानक झाले. ट्रक, बस, ट्रॅक्टर यांच्यासाठी अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेने कॅनवरच जे१९३९ नावाची पद्धत उभी केली. वर आलेले एसपीएन-एफएमआय हे तिचेच व्याकरण.

कॅन म्हणजे एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी. सगळे कॉम्प्युटर त्याच जोडीवर टांगलेले. कोणी काही बोलत नसेल तेव्हा दोन्ही वायरींवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. बिट ० पाठवायचा असला की एक वायर साडेतीनवर चढते, दुसरी दीडवर उतरते. बिट १ म्हणजे काहीच न करणे, अडीचवर राहू देणे. पिळामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट, स्टार्टरचा म्हणा की अल्टरनेटरचा, दोन्ही वायरींवर सारखाच चढतो. ऐकणारा फक्त दोघींतला फरक मोजतो, त्यामुळे तो गोंगाट वजा होऊन जातो.

खरी करामत ० आणि १ यांच्या या असमानतेत आहे. दोन कॉम्प्युटर एकाच क्षणी बोलायला लागले, एकाने ० दिला आणि दुसऱ्याने १, तर तारेवर ० दिसतो. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला त्याचा क्रमांक असतो, मोटारींत बहुधा ११ बिटांचा, जे१९३९ मध्ये २९ बिटांचा. बोलणारा प्रत्येक जण आपला बिट देतानाच तारेवर काय दिसते तेही वाचत असतो. समजा ब्रेकचा क्रमांक ००१० असा सुरू होतो आणि एसीचा ००११ असा. पहिले तीन बिट दोघांचे सारखे, कोणालाच काही कळत नाही. चौथ्या बिटाला एसीने १ दिला आणि त्याला तारेवर ० दिसला. तो तिथेच गप्प होतो. ब्रेकचा संदेश जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुढे जातो. टक्कर झाली, पण एक मायक्रोसेकंदही वाया गेला नाही आणि जिंकलेल्या संदेशाचा एकही बिट बिघडला नाही. क्रमांक जितका लहान तितका अधिकार मोठा. मध्ये कोणी पंच नाही, रांग लावणारा नाही. १९८६ च्या तंत्राने इतक्या स्वस्तात हे साधले, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

या रचनेची किंमत मात्र तळच्या क्रमांकांना मोजावी लागते. वरचे बोलत राहिले तर खालचे थांबत राहतात. आणि वरच्यांनाही एक बंधन आहे: कोणाचा संदेश सुरू झाला की तो मध्ये तोडता येत नाही. ब्रेकचा निरोप तयार झाला तेव्हा एसीचा नुकताच सुरू झालेला असेल, तर ब्रेकलाही तो संपेपर्यंत थांबावे लागते. आठ बाइट मजकुराचा, ११ बिट क्रमांकाचा संदेश जास्तीत जास्त १३५ बिटांचा होतो. जास्तीत जास्त एवढ्यासाठी म्हणायचे, की सलग पाच बिट सारखे आले की घड्याळे जुळलेली राहावीत म्हणून मध्ये एक उलटा बिट घुसवावा लागतो, आणि तो किती वेळा घुसवावा लागेल हे मजकुरावर ठरते. सेकंदाला ५ लाख बिटांच्या तारेवर १३५ बिट म्हणजे २७० मायक्रोसेकंद. ट्रकच्या अडीच लाखांच्या जे१९३९ तारेवर, २९ बिटांच्या क्रमांकामुळे संदेश १६० बिटांपर्यंत जातो, म्हणजे ६४० मायक्रोसेकंद. सर्वांत वरच्या संदेशाचा जास्तीत जास्त खोळंबा एवढाच. मधल्या आणि खालच्यांचा हिशेब सोपा नाही. ते गणित वेगळ्या वाटेने आले, आणि त्या वाटेवर मुंबई-पुणे लागते.

कॅन डेट्रॉइटला मांडले गेले त्याच १९८६ साली ब्रिटनच्या 'द कॉम्प्युटर जर्नल'मध्ये मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांचा एक निबंध आला. दोघेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परंपरेतले. त्यांच्यासमोर मोटार नव्हती. एकाच कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या तातडीची कामे ठरावीक अंतराने येत असतील, तर कमी तातडीचे काम उशिरात उशिरा केव्हा संपेल, हे कसे काढायचे असा त्यांचा प्रश्न होता. रीत थोडक्यात अशी. कामाला लागणारा स्वतःचा वेळ घ्या. तेवढ्या वेळात वरची कामे किती वेळा येऊ शकतात ते मोजा आणि त्यांचा वेळ मिळवा. वेळ वाढला, म्हणजे त्या वाढीव अवधीत वरची कामे आणखी काही वेळा येतील, पुन्हा मिळवा. आकडा हलायचा थांबला की उत्तर मिळाले. तो थांबतच नसेल आणि मुदत ओलांडून गेला असेल, तर ही रचना चालणार नाही. मथाई जोसेफ पुढे १९९७ ते २००७ पुण्यात टाटांच्या संशोधन केंद्राचे, टीआरडीडीसीचे, प्रमुख होते. पुणे जिल्ह्याच्या एका टोकाला मोटारींचे कारखाने वाढत होते आणि त्या मोटारींतल्या संदेशांचा हिशेब ज्या गणितावर चालतो त्याचा एक कर्ता त्याच शहरात बसत होता. याची कुठे चर्चा झालेली माझ्या वाचनात नाही.

हे गणित तारेवर आणले इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या केन टिंडेल, ॲलन बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९४ मध्ये. कॉम्प्युटरमधले काम मध्येच थांबवता येते, तारेवरचा संदेश थांबवता येत नाही. हा फरक त्यांनी हिशेबात धरला. व्होल्वोने १९९८ च्या एस८० मोटारीचे जाळे याच पद्धतीने तपासून घेतले. तोपर्यंत सरसकट धोरण असे होते की तार निम्मी-अर्धी रिकामी ठेवायची आणि रस्त्यावर चालवून बघायचे. चालवून बघण्याने वाईटात वाईट योग सापडेलच याची खात्री नसते. तो वर्षातून एकदा, नको त्या वळणावर येऊ शकतो.

या गणितातच एक भोक होते. ते एका छोट्या उदाहरणात पाहता येते, कागद-पेन्सिल घेतली तर जास्त बरे. तारेवर अ, ब, क असे तीन संदेश आहेत, अधिकार याच क्रमाने. प्रत्येकाला तारेवर १ मिलिसेकंद लागतो. अ दर अडीच मिलिसेकंदांनी येतो, ब आणि क दर साडेतीनने. ब आणि क यांना निघाल्यापासून सव्वातीन मिलिसेकंदांत पोचायची मुदत आहे. तिघेही शून्याला एकदम निघाले. अ १ ला संपला, ब २ ला, क २ ला सुरू होऊन ३ ला संपला. क ला लागले ३ मिलिसेकंद, मुदत सव्वातीन. जुना हिशेब इथे थांबत असे आणि शेरा मारत असे: सुरक्षित.

पुढे चालू द्या. अडीचला दुसरा अ आला होता, पण क सुरू झालेला असल्यामुळे तो अडला आणि ३ ला सुटला, ४ ला संपला. दरम्यान साडेतीनला ब आणि क पुन्हा आले आहेत. ४ ते ५ ब गेला. आता क ची पाळी, तर नेमक्या ५ ला तिसरा अ हजर. ५ ते ६ अ. मग क, ६ ते ७. साडेतीनला निघालेला क सातला पोचला: साडेतीन मिलिसेकंद. मुदत हुकली. पहिल्या क ने अ ला अडवून ठेवले, त्या अडवणुकीचे भोग दुसऱ्या क च्या वाट्याला आले. म्हणजे पहिल्या फेरीतच सगळ्यांत वाईट होते हे गृहीतच चूक. संदेश तोडता येत नसले की दुसरी-तिसरी फेरीही तपासावी लागते. २००७ मध्ये रॉबर्ट डेव्हिस, ॲलन बर्न्स, राइंडर ब्रिल आणि योहान लुक्किएन यांनी हे दाखवून गणित दुरुस्त केले. मूळ गणित मांडणाऱ्यांपैकी बर्न्स स्वतः दुरुस्ती करणाऱ्यांत होते, हे विशेष. दशकभर उद्योगाने वापरलेल्या सूत्रावर आपल्याच नावासकट काट मारायला निराळी शिस्त लागते. रस्त्यावरच्या गाड्यांवर त्याने संकट कोसळले नाही, कारण वरच्या उदाहरणातली तार ९७ टक्के भरलेली आहे आणि प्रत्यक्षात कोणी शहाणा माणूस तार इतकी भरत नाही.

आणखी एक गोम तारेत नसून डब्यात असते. एकाच कॉम्प्युटरने पाठवायचे संदेश त्याच्या आतल्या साठ्यात आले त्या क्रमाने उभे केले, तर तातडीचा संदेश आपल्याच घरातल्या बिनतातडीच्या संदेशामागे अडकतो. तारेवर कितीही न्यायाने निवड होत असली तरी तो तारेपर्यंत पोचतच नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने सोयीसाठी केलेली ही साधी रांग वरचे सगळे गणित मोडून टाकते.

आता बिघाडाकडे. कॅनची ख्याती आहे ती चूक पकडण्याबद्दल. प्रत्येक संदेशाच्या शेपटीला १५ बिटांची बेरीज-पडताळणी असते, आणि प्रत्येक ऐकणारा ती करून पाहतो. एकालाही संशय आला तर तो लगेच सलग सहा ० बिट मारतो. असे सलग सहा सारखे बिट नियमात बसत नसल्यामुळे तो संदेश सगळ्यांसाठीच रद्द होतो, आणि पाठवणारा तो पुन्हा पाठवतो. एकाने बरोबर ऐकले, दुसऱ्याने चुकीचे, असे सहसा होऊ दिले जात नाही. बॉशच्या मूळ तपशिलानुसार, बिघडलेल्या संदेशांपैकी नजरेतून सुटणाऱ्यांचे प्रमाण एक हजार कोटींत एकापेक्षाही कमी. चुकीचा आकडा ब्रेकपर्यंत पोचण्याची भीती जवळजवळ संपलीच.

पण पुन्हा पाठवणे फुकट होत नाही. ट्रकच्या तारेवर एक फसलेला संदेश आणि त्याच्यामागची चूक झाल्याची खूण मिळून पाऊण मिलिसेकंद खातात, आणि तेवढा वेळ खालच्या प्रत्येक संदेशाच्या वाट्यातून जातो. कॅनने अचूकपणा विकत घेतला आहे तो वेळ देऊन. चूक ते जाऊ देत नाही, उशीर मात्र होऊ देते. निर्दोष तारेवर मुदतीत बसणारा हिशेब वायरी जोडणारे कपलर सैल झालेल्या तारेवर बसेलच असे नाही, आणि वरवंडच्या गॅरेजात येणारी गाडी ही सैल कपलरचीच गाडी असते.

यातही एक खोच आहे. प्रत्येक कॉम्प्युटर आपल्या चुकांचा जमाखर्च ठेवतो. पाठवणे फसले की खात्यात ८ चढतात, नीट गेले की १ उतरतो. १२८ वर गेला की त्याला इतरांचे संदेश रद्द करण्याचा हक्क उरत नाही. २५६ ला पोचला की तो तारेवरून स्वतःच बाजूला होतो. सलग ३२ वेळा फसले की २५६. बिघडलेल्या एकाने सगळ्यांना वेठीला धरू नये म्हणून ही सोय. आता हिशेब करा. नऊ प्रयत्नांत एक फसला आणि आठ नीट गेले, तर खाते तिथल्या तिथे राहते. दहांत एक फसला तर खाते उतरतच राहील. म्हणजे खड्ड्यातून जाताना दहांतला एक निरोप बिघडवणारे सैल कपलर वर्षभर तसेच राहू शकते. कोणीही बाजूला होणार नाही, एकही निरोप हरवणार नाही, फक्त सगळे मधूनमधून उशिरा येतील. मग एखाद्या दिवशी खालच्या क्रमांकाच्या, संथ सेन्सरच्या नावाने एफएमआय ९ उमटतो. बिघाड भलतीकडेच असतो.

हा माग काढायला महागडे यंत्र लागत नाही. मोटारीत स्टिअरिंगखाली १६ पिनांचे निदानाचे सॉकेट असते, त्यातल्या ६ आणि १४ या पिना बहुतेक गाड्यांत कॅनच्या दोन वायरी. बॅटरी काढायची, मल्टिमीटर ओहमवर ठेवायचा आणि दोन पिनांमध्ये मोजायचे. तारेच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक बसवलेला असतो, कारण टोक उघडे राहिले तर विजेची लाट तिथून आपटून परत येते आणि मागून येणाऱ्या बिटांत मिसळते. दोन १२० समांतर म्हणजे ६०. मीटरवर ६० च्या आसपास दिसले तर बरे. १२० दिसले तर एक टोक तुटले आहे, आणि अशी तार बऱ्याचदा चालते, म्हणूनच फसवते. ४० दिसले तर कोणीतरी तिसरा रोधक घातला आहे, बहुधा नंतर बसवलेल्या एखाद्या उपकरणाबरोबर. शून्याजवळ असेल तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या. काही गाड्यांत मधे एक फाटक-कॉम्प्युटर असतो, तिथे बाहेरच्या सॉकेटवरून आतली तार दिसत नाही. तेवढे ध्यानात ठेवायचे.

वरवंड-पाटसच्या या दौंड तालुक्यात वायरिंग खराब व्हायला कारणे मुबलक आहेत. उसाच्या पट्ट्यात उंदीर आहेत आणि त्यांना वायरीचे आवरण आवडते. वॉशिंग सेंटरवर दाबाचे पाणी थेट कपलरवर मारले जाते, मग आतल्या पिनेवर हिरवट थर चढतो. आणि नंतर बसवलेली जीपीएस यंत्रे. सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० मानकाचे यंत्र लागते, बहुतेक मालट्रकांत ते मालकाला हवे असते म्हणून येते. ते व्यवस्थित जोडता येते. पण घाईत कॅनच्या वायरीचे आवरण सोलून तिला दोन-तीन मीटरची वायर पिळून जोडली आणि वर टेप गुंडाळली, तर ती फांदी प्रत्येक बिटाची लाट परत पाठवते. जे१९३९ च्या मूळ नियमात फांदीची लांबी १ मीटरपर्यंतच ठेवायला सांगितली आहे. टेप सुकली की पुढचे काम धूळ करते.

ऐकणाऱ्या बाजूलाही पहारा ठेवावा लागतो. इंजिनाचे फेरे सांगणारा जे१९३९ संदेश इंजिन पळत असताना दर १० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, पाण्याचे तापमान दर सेकंदाला, कारण तापमान काही मिलिसेकंदांत बदलत नाही. प्रत्येक ऐकणाऱ्याकडे प्रत्येक निरोपासाठी मुदत असते. ती उलटली की जुना आकडा टाकून द्यायचा आणि सावध मार्ग धरायचा. चढावर मेलेला पिकअप हाच सावध मार्ग आहे. ड्रायव्हरला ती गाडीची कटकट वाटते, पण कॉम्प्युटरने शिळ्या आकड्यावर गाडी चालवायचे नाकारलेले असते.

शिळे आणि ताजे ओळखायला महत्त्वाच्या संदेशांत फिरता क्रमांक घालतात: ०, १, २ करत १५, पुन्हा ०. तोच क्रमांक पुन्हा आला तर पाठवणारा अडकून तेच तेच ओकतो आहे हे कळते. कॅनवर क्वचित एकच निरोप दोनदा पोचतो. त्यामुळे निरोप लिहिण्याचीही एक शिस्त आहे. 'दिवा बदल' असे कधी लिहू नये, 'दिवा चालू आहे' असे लिहावे. पहिला दोनदा पोचला तर दिवा बंद होईल, दुसरा दहादा पोचला तरी काही बिघडत नाही.

पाठवणारा कोण, याचा पुरावा मात्र मूळ कॅनमध्ये कुठेच नाही. क्रमांक बरोबर असला की निरोप खरा. २०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि क्रिस व्हॅलासेक यांनी एका जीप चेरोकीत दुरून शिरून हे दाखवले आणि कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी बोलवाव्या लागल्या. भीमा नदीपलीकडे शिरूर तालुक्यात रांजणगावला २०१७ पासून जीपचेच दुसरे मॉडेल, कंपास, तयार होते आणि परदेशीही जाते. मोटारीच्या सुरक्षेचा हा प्रश्न आपल्या शेजारच्या कारखान्यापर्यंत केव्हाच आला आहे. मिलर आणि व्हॅलासेक यांना पुढे आणखी एक गोष्ट आढळली. खोटा निरोप पाठवला तरी खरा कॉम्प्युटर आपला निरोप पाठवतच राहतो, मग ऐकणारा गोंधळून ती सोयच बंद करतो. म्हणून हल्लेखोराला आधी खऱ्याला गप्प करावे लागते.

कॅनच्या उलट विचाराचीही जाळी आहेत. वरवंडकरांना ती समजावायला शेजपाळीशिवाय दुसरे उदाहरण नको. खडकवासला धरणाहून येणारा नवा मुठा उजवा कालवा याच भागातून जातो, आणि त्याच्या पाण्याचे पत्रक ठरलेले असते: अमक्या चारीला अमक्या वारी इतके तास. शेतात ओल असो नसो, पाळी तुमची. चुकली तर गेली, पण तुमच्या पाळीत दुसरा कोणी घुसणार नाही, आणि टेलच्या शेतकऱ्यालाही आपली वेळ आधी माहीत असते. पत्रकाप्रमाणे पाणी येते की नाही हा वेगळा विषय, त्यावर वरवंडात कोणालाही विचारा. फ्लेक्सरे नावाचे जाळे असे पत्रकावर चालते. २००६ च्या बीएमडब्ल्यू एक्स५ मध्ये ते पहिल्यांदा आले. त्यात उशिरात उशिरा किती, याचे उत्तर पत्रकातच लिहिलेले असते, गणित करावे लागत नाही. पण सगळ्या कॉम्प्युटरांची घड्याळे मायक्रोसेकंदांपर्यंत जुळवावी लागतात, आणि एक नवा संदेश घालायचा तर पत्रक पुन्हा मांडावे लागते. महाग पडल्याने ते फार पसरले नाही. आता मोटारीत इथरनेट येते आहे, एका पिळाच्या जोडीवर सेकंदाला १० कोटी बिट. तिथेही तातडीच्या निरोपांसाठी वेळेच्या खिडक्या राखून ठेवायची मानके तयार झाली आहेत. वेग दोनशेपट झाला तरी पाळ्या ठरवाव्या लागल्याच. दरम्यान २०१२ मध्ये बॉशने कॅनचीच नवी आवृत्ती काढली, कॅन एफडी, आठाऐवजी ६४ बाइट वाहणारी. कोण आधी, हे ठरवायची रीत मात्र तिने जुनीच ठेवली.

शेतातही हे येऊन पोचले आहे. ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. ते पाळायचे तर डिझेल इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच सोडावे लागते, आणि ते आले की इंजिनाचा कॉम्प्युटर आणि दोन पिळाच्या वायरी आल्याच. अवजारांसाठी आयएसओ ११७८३ हे जे१९३९ च्याच घराण्यातले मानक आहे, पेरणी यंत्राने ट्रॅक्टरशी बोलावे म्हणून. पाटसच्या कारखान्याकडे ऊस घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रेलरांशी मात्र कोणतेच जाळे बोलत नाही. तिथे एक वायर आहे, मागच्या दिव्याची, आणि ती जोडलेली असली तरी नशीब. पुढच्या गाडीचा वेग मोजून स्वतः ब्रेक लावणारी नवी मोटार रात्री या रस्त्यावर येते, तेव्हा तिच्या आतले सगळे निरोप मुदतीत पोचतात. समोर दिवा नसलेला ट्रेलर असल्याचा निरोप मुळात निघेल की नाही, हे कॅमेऱ्यावर आणि रडारवर अवलंबून. त्याला या लेखातले कुठलेच गणित लागू पडत नाही.